मावशीचं फील्डवर्क

अठरा वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या पुरुषांच्या वॉर्डात मदतनीस म्हणून काम केल्यावर माणसाला स्वतःचं नाव फारसं उरत नाही. तिला सगळे मावशीच म्हणायचे. डॉक्टर म्हणायचे, पेशंट म्हणायचे, भेटायला येणारे म्हणायचे, आणि एकदा तर तिच्या सख्ख्या थोरल्या भावानंही बोलण्याच्या ओघात तीच हाक मारली आणि मग दोघं पोट धरून हसले. चादरी बदलणं, अंग पुसणं, स्ट्रेचर ढकलणं, यांतून मिळेल त्या फटीत पुस्तक उघडून तिनं बाहेरून बी.ए. केलं. सहा वर्षं लागली. एका विषयात दोनदा गटांगळ्या खाल्ल्या. तिसऱ्यांदा तो सुटला तेव्हा वॉर्डातल्या सिस्टरनी केक आणला, पण मावशीच्या डोक्यात तोवर पुढचं शिरलं होतं.

सेहेचाळिसाव्या वर्षी तिनं समाजकार्याच्या एम.ए.ला अर्ज केला. मुलाखतीला तीन प्राध्यापक बसले होते. त्यांतल्या एकानं जरा चाचरतच विचारलं, की या वयात हे कशासाठी. मावशीनं उत्तर पाठ करून नेलं होतं, ते ऐन वेळी विसरली आणि मनात होतं ते बोलून गेली.

"मी अठरा वर्षं माणसांना इस्पितळाच्या दारापर्यंत सोडलं. दाराच्या पुढं त्यांचं काय झालं, ते मला कधी कळलं नाही. ते शिकायचंय."

दोन आठवड्यांनी प्रवेशाचं पत्र आलं. तिचा नवरा छापखान्यात बाइंडर होता. त्यानं पत्र दोनदा वाचलं, कागद बोटांनी चाचपला, कागद बरा वापरलाय म्हणाला, आणि मग घरातला भिंतीला टेकलेलं टेबल ओढून खिडकीपाशी आणला. अठरा वर्षांच्या मुलीनं आपला जुना लॅपटॉप आईच्या हवाली केला. मावशीनं नोकरी सोडली.

वर्गात चाळीस जण होते आणि बहुतेक सगळे तिच्या निम्म्या वयाचे. मोठाले शब्द ऐकून पहिला महिना तिचं डोकं भणभणून गेलं, पण वाचायची सवय होती, त्यामुळं हळूहळू जमलं. खरी वाट ती पाहत होती फील्डवर्कची. आठवड्यातले दोन दिवस, मंगळवार आणि शुक्रवार, प्रत्येकाला एखाद्या संस्थेत जाऊन तिथल्या अनुभवी समाजसेवकाच्या हाताखाली प्रत्यक्ष काम करायचं होतं. त्यात पास झाल्याशिवाय वर्ष सुटत नसे. मावशीला मिळालं शहराच्या दुसऱ्या टोकाचं एक इस्पितळ, तिथला समाजसेवा विभाग. बाकीच्या मुली धास्तावल्या होत्या. मावशी मात्र माहेरी निघाल्यासारखी निघाली.

तिथल्या मार्गदर्शक बाई चौतीस वर्षांच्या होत्या, म्हणजे मावशीपेक्षा बारा वर्षांनी लहान. आवाज बारीक, बोलणं मोजकं, कानावर कायम एक पेन्सिल. विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या समासात त्या पेन्सिलीनंच लिहायच्या, म्हणून मागच्या तुकड्यांनी त्यांचं नाव पेन्सिलबाई ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, की इथं तुम्ही मावशी नाही, प्रशिक्षणार्थी आहात, ओळख तशीच करून द्यायची. मावशीनं मान डोलावली. तिसऱ्या खेपेला वॉर्डातल्या सिस्टरपासून सफाईवाल्यापर्यंत सगळे तिला मावशी म्हणत होते.

पेन्सिलबाईंनी तिच्याकडे एक पेशंट सोपवला. वय अडुसष्ट, मधुमेह, उजवा पाय गुडघ्याखाली कापलेला. आयुष्यभर त्यांनी गोदीत उंच क्रेन चालवली होती. सगळे त्यांना क्रेनवाले म्हणत. एकटे राहायचे, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. जखम भरली की त्यांना कुठं आणि कसं पाठवायचं, याची योजना मावशीनं करायची होती. अडचण एवढीच, की क्रेनवाले कुणाशी बोलत नसत. तोंडाला कुलूप. डॉक्टरांना मानेनं उत्तर देत आणि बाकी वेळ खिडकीबाहेर बघत राहत.

मावशीला असली माणसं नवी नव्हती. ती त्यांच्या उशाशी बसली, उशी नीट केली, सूप थंड होतंय म्हणून चमचा हातात घेऊन पाजलं, वाढलेली नखं कापली, आणि हे सगळं करताना एकसारखी बोलत राहिली. काळजी करू नका, सगळं नीट होईल, आम्ही आहोत ना. घरी गेल्यावर तिनं सगळं आठवून नोंद लिहिली. कोण काय बोललं, आपल्याला काय वाटलं, नियमाप्रमाणं सगळं. टाइप करायचा वेग नव्हता, म्हणून ती सांगत गेली आणि मुलीनं टाइप केलं.

शुक्रवारी नोंद परत आली ती समासभर पेन्सिल घेऊनच. 'नखं कापली. का?' 'सूप पाजलं. त्यांचे दोन्ही हात चालतात.' 'सगळं नीट होईल हे तुम्हाला कुणी सांगितलं?' आणि सगळ्यांत खाली, 'तुमची तेवीस वाक्यं, त्यांचं एकही नाही.'

मावशीनं समास पुन्हा एकदा वाचला. ती म्हणाली, की ते बोलतच नाहीत त्याला मी काय करू. पेन्सिलबाई म्हणाल्या, "तुम्ही बोलायला जागाच ठेवली नाहीत. गप्प बसणं तुम्हाला सोसत नाही, म्हणून तुम्ही बोलता. पण ते गप्प बसणं त्यांचं आहे. ते तुम्ही भरू नका."

मग त्यांनी विचारलं, की टायपिंग इतकं सुरेख कुणाचं. मावशीनं कौतुकानं मुलीचं नाव घेतलं. पेन्सिलबाईंनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला. एका आजारी माणसाची खासगी हकिकत तुमच्या घरच्या टेबलावर एका तिसऱ्या व्यक्तीनं वाचली, एवढंच त्या म्हणाल्या. मावशीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या दिवसापासून ती स्वतः टाइप करू लागली, दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत. बाजूच्या खोलीतून नवरा म्हणायचा, की छतातून पाणी ठिबकतंय की तू लिहितेयस. एका पानाला दोन तास लागायचे, पण कागद तिच्याशिवाय कुणी पाहिला नाही.

एवढ्यावर निभावलं असतं. पण पाचव्या आठवड्यात तिनं खरा घोटाळा केला.

क्रेनवाल्यांना एक मुलगा होता. चाळिशीचा, चष्मा लावलेला, शाळेत रसायनशास्त्र शिकवणारा. रोज साडेपाचला यायचा, पलंगाच्या पायथ्याशी दहा मिनिटं उभा राहायचा, फळं ठेवायचा आणि निघून जायचा. बापलेकांत एक शब्द होत नसे. एका शुक्रवारी कॉरिडॉरमध्ये त्यानं मावशीला थांबवलं आणि शांतपणे सांगितलं, की वडिलांना मी घरी नेऊ शकणार नाही, एखाद्या संस्थेत सोय होईल का ते बघा.

अठरा वर्षांत मावशीनं असे मुलगे खूप पाहिले होते. निदान तिला तरी तसं वाटलं. तिच्या आतली वॉर्डातली मावशी उसळून वर आली.

"बापाचा पाय गेला आणि तुम्ही हात झटकताय?" ती म्हणाली. "उद्या तुमची मुलंही हेच करतील."

कॉरिडॉरमधले दोघं-तिघं वळून बघायला लागले. मुलाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि जिना उतरून गेला. मंगळवारी मावशी गेली तेव्हा विभागात त्याचं पत्र आलेलं होतं. प्रशिक्षणार्थीनं माझ्याशी पुन्हा संपर्क करू नये, आणि वडिलांबाबत जे काही असेल ते डॉक्टरांनी मला लेखी कळवावं. शनिवारपासून तो आला नव्हता.

त्याच आठवड्यात अर्ध्या सत्राचं मूल्यमापन होतं. कॉलेजातले सर आले, पेन्सिलबाई होत्या, आणि तिघांच्या मध्ये मावशीची फाइल होती. शेरा एका शब्दाचा होता: असमाधानकारक. सरांनी समजुतीच्या सुरात दोन वाटा सांगितल्या. एक, हे फील्डवर्क सोडायचं आणि पुढच्या वर्षी नव्यानं दुसरीकडे करायचं. दोन, इथंच सहा आठवडे वाढवून घ्यायचे, दर आठवड्याला तपासणी, आणि शेवटी पास किंवा नापास. नापास झाल्यास प्रवेश रद्द. मग जरा थांबून ते म्हणाले, की तुमच्यासारख्या मायाळू माणसांना पदवीशिवायही करण्यासारखं खूप असतं.

सर चांगल्या मनानं बोलत होते, पण ते वाक्य मावशीला चांगलंच झोंबलं. माया पुरली असती तर ती इथं आलीच नसती. आणि मायेनंच तर एका माणसाचा रोज येणारा मुलगा तोडला होता.

"मी इथंच राहते," ती म्हणाली. "जे बिघडवलंय ते इथं बिघडवलंय."

पेन्सिलबाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "तुमच्या मनाची टोचणी जावी म्हणून राहणार असाल, तर राहू नका. त्या पेशंटला उपयोग असेल तरच राहा."

मावशीनं विचार केला. घाई केली नाही. टेबलावरच्या फाइलकडे बघत बसली. शेवटी म्हणाली, की उपयोग आहे की नाही हे मी कशी सांगू, ते त्यांनाच विचारते. ते नको म्हणाले तर मी पहिली वाट धरीन, इथलं सोडीन. पेन्सिलबाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि जा म्हणाल्या.

क्रेनवाले नेहमीसारखे खिडकीकडे तोंड करून पडले होते. मावशीनं खुर्ची ओढली. उशीला हात लावला नाही. तिनं सरळ सांगितलं, की तुमचा मुलगा यायचा थांबलाय तो माझ्यामुळं, मी त्याला नको ते बोलले.

त्यांनी मान वळवली. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"काय बोललीस?"

तिनं शब्दाला शब्द सांगितलं. जीभ अडखळली, तरी एकही शब्द गाळला नाही. मग ती गप्प बसली. काहीतरी बोलावं म्हणून नुसती तडफड होत होती, पण तिनं ओठ मिटून घेतले. पलीकडच्या पलंगावरचा माणूस दोनदा खोकला. सलाइनची बाटली बदलून नर्स निघून गेली. 

"चुकीच्या माणसाला बोललीस," क्रेनवाले म्हणाले. "ते मला बोलायला हवं होतंस."

त्याचा अर्थ तिनं विचारला नाही. तिनं फक्त एवढंच विचारलं, की मी पुढं यावं असं तुम्हाला वाटतं का. नको असेल तर दुसरं कुणी येईल. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "ये. पण नखं कापू नकोस."

मुलाला तिनं माफीचं पत्र लिहिलं. पहिला मसुदा दीड पानाचा होता, त्यात आपण अठरा वर्षं काय काय पाहिलं हे सगळं होतं. पेन्सिलबाईंनी तो वाचला आणि विचारलं, की हे पत्र त्यांच्यासाठी आहे की तुमच्यासाठी. पाचव्या मसुद्यात तीन ओळी उरल्या. माझी चूक झाली, मला तुमच्याबद्दल काही माहीत नसताना मी बोलले, आणि तुम्ही भेटायचं ठरवलंत तर मी ऐकायला येईन. पेन्सिलबाईंनी स्वतःचं एक पत्र जोडून ते विभागातर्फे पाठवलं, उत्तर द्यायचं बंधन नाही असं त्यात स्पष्ट लिहून.

आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी फोन आला. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत या, असं तो म्हणाला.

प्रयोगशाळेत ॲसिडचा उग्र वास होता. तो परीक्षानळ्या धूत उभा होता आणि बोलतानाही धूतच राहिला. बहुधा त्यामुळंच बोलू शकला. त्याच्या लहानपणी बाप रोज पिऊन यायचा आणि आईला मारायचा. एकदा तिचा हात मोडला. त्या दिवशी अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन ती बाहेर पडली, ती परत गेली नाही. पुढच्या एकोणतीस वर्षांत बापलेकांची भेट तीनदा झाली. इस्पितळातून फोन आला तेव्हा त्यांच्या कागदावर दुसऱ्या कुणाचंच नाव नव्हतं, म्हणून तो आला. आई आता त्याच्याकडेच राहते. आजही जिन्यात जड पावलं वाजली की तिच्या हातातलं काम थांबतं.

"मी रोज यायचो ते प्रेमानं नाही," तो म्हणाला. "कुणीच आलं नाही असं व्हायला नको, एवढ्यासाठी यायचो."

मावशीच्या ओठांवर डझनभर वाक्यं आली. आता ते म्हातारे झालेत. त्यांना पश्चात्ताप झालाय. माणूस बदलतो. यांतलं एकही आपल्याला ठाऊक नाही, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिनं सगळी गिळली. मग विचारलं, की यात तुम्हाला कुठपर्यंत राहायचंय, ते तुम्ही सांगा.

त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तो नळ बंद करून बसला. कागदपत्रांवर सह्या करीन, म्हणाला. एक रविवार सोडून एक भेटायला येईन, ते कुठंही असले तरी. माझ्या घराचा पत्ता त्यांना द्यायचा नाही. घरी नेणार नाही. मावशीनं तसंच लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. बरोबर आहे, असं तो म्हणाला. आणि ती निघताना त्यानं दार उघडून धरलं.

शुक्रवारी तिनं क्रेनवाल्यांना सांगितलं, की मुलगा एक रविवार सोडून एक येईल. घरी मात्र नेणार नाही. ते म्हणाले, की त्यानं न्यावं असं मी कधी म्हटलं होतं. मग डोळ्यांवर हात आडवा घेऊन पडून राहिले. मावशीही बसून राहिली. त्या दिवसाच्या नोंदीत तिची फक्त चार वाक्यं होती.

जखम भरत आली होती. नवा पाय बसवून चालायचा सराव सुरू झाला होता. डॉक्टरांना पलंग रिकामा करून हवा होता आणि पंधरा दिवसांनी बैठक ठरली. त्या बैठकीत पेशंटला निवाऱ्यात पाठवायचं की घरी, हे ठरणार होतं. घरी म्हणजे चोपन्न पायऱ्या. क्रेनवाल्यांचा हट्ट एकच: मी रोज एकशेबारा पायऱ्यांची शिडी चढून क्रेनवर जायचो, चोपन्न म्हणजे काय मोठंसं. मावशी त्यांच्याशी वाद घालत बसली नाही. तिनं व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना विचारून सरावाच्या जिन्यावर चढून बघायची सोय केली. अकरा पायऱ्यांवर त्यांचा श्वास संपला आणि कठड्याला धरलेले हात थरथरायला लागले. खाली बसल्यावर ते स्वतःच म्हणाले, की तिसरा मजला विसरायला हवा.

त्यांचा चेहरा इतका पडला होता, की आता काहीतरी धीराचं बोलायलाच हवं असं तिला वाटलं. त्याऐवजी तिनं विचारलं, की तुमच्या इमारतीत कोण कोण राहतं.

आणि त्या माणसाला कंठ फुटला. वर बसून खालची सगळी गोदी डोळ्यांखाली ठेवायची त्यांची चाळीस वर्षांची सवय होती. इमारतही त्यांनी तशीच पाहिली होती. दुसऱ्या मजल्यावरचे नवराबायको रोज किती वाजता भांडतात, कुणाची सायकल जिन्यात आडवी असते, कुणाच्या नळाला पाणी येत नाही, सगळं तोंडपाठ. तळमजल्यावर व्हायोलिन शिकवणाऱ्या एक बाई राहायच्या. त्यांच्या भिंतींना ओल येते, वाद्यांची लाकडं फुगतात, म्हणून गेली चार वर्षं त्या वरची जागा शोधतायत. एवढं बोलून क्रेनवाले थांबले. दोघांनाही एकाच वेळी जागांच्या अदलाबदलीचं सुचलं होतं.

मावशीचा हात फोनकडे गेला. नंबर शोधायचा, त्या बाईंना गाठायचं, घरमालकाला भेटायचं, संध्याकाळपर्यंत सगळं उरकून टाकायचं. डोक्यात यादीसुद्धा तयार झाली. मग तिनं हात मागे घेतला, दोन्ही पंजे मांडीखाली दाबून ठेवले आणि विचारलं, "आता काय करावं असं वाटतं तुम्हाला?"

"फोन करायला पाहिजे," ते म्हणाले, आणि तिच्याकडे बघत राहिले. ती हलली नाही. शेवटी त्यांनी कपाटातला आपला फोन मागितला आणि नंबर लावला.

बोलणं काही सरळ झालं नाही. बाईंना वाटलं, घरमालकच यांच्याकरवी भाडं वाढवायचं काहीतरी काढतोय. मग त्यांनी विचारलं, की ओल तुमच्या हाडांना सोसेल का. मग विचार करून सांगते म्हणाल्या. त्यांचा निरोप येईपर्यंत चार दिवस गेले, आणि त्या चार दिवसांत मावशीनं फोन हातात घेऊन खाली ठेवला असेल दहा वेळा. अखेर बाई कबूल झाल्या, पण आधी सहा महिने करून बघू या बोलीवर. घरमालकाचं घोडं मात्र अडलं. त्याला विभागाचं अधिकृत पत्र लागत होतं. ते काम क्रेनवाल्यांच्या हातातलं नव्हतं, म्हणून ते मावशीनं केलं. कुठलं आपलं आणि कुठलं त्यांचं, हे तिला आता हळूहळू उमजत होतं.

बैठकीत सर्जन म्हणाले, की तळमजला असला तरी एकटा माणूस, धोका आहे. पूर्वीची मावशी म्हणाली असती, मी लक्ष ठेवीन. तिनं फाइल उघडली. सरावात ते दोनदा पडले, एकदा चालताना डावीकडे आणि एकदा न्हाणीघरात, हे तिनं आधी सांगितलं. दुसऱ्यांदा पडल्यावर कुणाच्याही आधाराशिवाय ते सहा मिनिटांत उठले, हेही सांगितलं. सरावाच्या स्वयंपाकघरात चहा करताना दूध सांडलं आणि त्यांनी ते स्वतः पुसलं. मुलगा काय करील आणि काय करणार नाही, ते वाचून दाखवलं. मग म्हणाली, की धोका आहे, आणि तो पत्करायचा की नाही हे त्यांनाच विचारावं. ते बाहेरच बसलेत.

क्रेनवाले चाकाच्या खुर्चीतून आत आले. सगळ्या डॉक्टरांकडे एकेकदा बघून म्हणाले, "चाळीस वर्षं मी वाऱ्यात झुलत काम केलं. पडायचं कसं ते मला कळतं. मला माझ्या घरात पडू द्या."

सर्जन हसले नाहीत, पण त्यांनी आधी एक आठवडा घरी राहून बघायला परवानगी दिली. पुढं त्या आठवड्याचा महिना झाला.

निघायच्या दिवशी मुलगा आला. त्याचा रविवार होता. त्यानं कागदांवर सह्या केल्या, पिशवी गाडीत ठेवली. बाप खुर्चीतून गाडीत स्वतः चढला, त्याला चांगली चार मिनिटं लागली. मुलगा दाराशी उभा राहून बघत होता, मावशी दहा पावलं मागे. दोघांत काय बोलणं झालं ते तिला ऐकू आलं नाही आणि नोंदीतही तिनं तसंच लिहिलं.

सहाव्या आठवड्याच्या अखेरीस शेरा आला: उत्तीर्ण. खाली पेन्सिलीनं एक ओळ होती. 'अजून घाई करतात. पण आता घाई होतेय हे त्यांना कळतं.' एवढं मोठं प्रशस्तिपत्र पेन्सिलबाईंनी आजवर कुणाला दिलं नव्हतं, असं विभागातल्या शिपायानं तिला मागाहून सांगितलं. घरी नवऱ्यानं विचारलं, पास की नापास. पास म्हटल्यावर तो म्हणाला, की मग आता तरी ते ठिबकणं थांबेल का. थांबणार नव्हतं, अजून एक वर्ष होतं.

महिन्याभरानं ती शेवटच्या भेटीला तळमजल्यावरच्या खोलीत गेली. क्रेनवाल्यांनी पलंग, टेबल, शेगडी, सगळं हाताच्या अंतरावर मांडून घेतलं होतं. एकदा पडलो, म्हणाले, आणि उठलो. ओल होतीच. वरच्या मजल्यांवरून व्हायोलिनचा आवाज उतरत होता. कुणीतरी नवशिका एकच ओळ पुन्हा पुन्हा चुकत होता. हा पोरगा सुधारायचा नाही, असं क्रेनवाले वैतागून म्हणाले, आणि दर गुरुवारी त्याच वेळेला खिडकी उघडी टाकून बसतो असंही म्हणाले. मावशीनं सांगितलं, की यापुढं माझ्याऐवजी विभागातल्या दुसऱ्या बाई येतील. त्यांनी मान डोलावली आणि तिला दारापर्यंत सोडायला उठले. तिनं नको म्हटलं नाही. ते येईपर्यंत ती थांबली.

तिथून ती थेट कॉलेजात गेली. दुसऱ्या वर्षाच्या फील्डवर्कचा फॉर्म भरायची त्या दिवशी शेवटची तारीख होती. तीन पसंत्या लिहायच्या होत्या. कारकुनानं फॉर्म हातात घेतला, पहिली पसंती वाचली आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"महिलांचा तुरुंग? हा पहिला कुणी टाकत नाही, मावशी."

"मग तिथं जागा असेलच," ती म्हणाली आणि सहीसाठी पेन मागितलं.